चौथा खडा

तंबूच्या खुंट्या विकत घेतल्या, तिथूनच सांगतो. मे २००५. गुरुवारची सुट्टी लागून आली होती, शुक्रवारी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं आयुष्यात पहिल्यांदा कॅम्पिंगला निघालो. मी, माझी बायको उल्का आणि सात वर्षांची अश्लेषा. या चिमुकल्या, ओल्या डच देशात चक्क वाळवंट आहे, हे ऑफिसात कळल्यापासून मला झोप नव्हती. आमच्या फेल्डहोवनपासून तासाभरावर वाळूचं नॅशनल पार्क. तिथे दोन दिवस, मग उत्तरेला दुसऱ्या वाळूत दोन दिवस, असा बेत. कागदावर आराखडा काढणाऱ्या माझ्यासारख्या इंजिनियरला यापेक्षा मोठं सुख नाही. उल्का म्हणायची, "तू एवढा लग्नातही उत्साहात नव्हतास." खरं होतं ते.

पार्कच्या गाडीतळावर उतरलो आणि पुण्याहून आईचा फोन आला.

"तिघंच निघालात? तिघांनी असं निघू नये रे चंदू. सुपारी घेतलीस का चौथी म्हणून?"

"आई, पोचलोसुद्धा आम्ही."

"मग खडा तरी घे. पण घरचा हवा हं, दारातला. बाहेरचा काय उपयोग."

हो हो म्हणून फोन ठेवला. तेवढ्यासाठी कोण घरी परत जाणार? गाडीच्या चाकाशी वाळूत एक पांढरा गुळगुळीत खडा पडला होता. तो उचलला, पाहुण्याला म्हणतात तसं मजेत म्हटलं, "चला, तुम्ही आमचे चौथे," आणि अश्लेषाच्या खिशात टाकला. उल्का हसली. मीही हसलो. आजही तो क्षण आठवला की माझी मलाच चीड येते.

कॅम्पच्या फाटकाशी रिया नावाची एक आजीबाई वही घेऊन बसली होती. तिने नाव, मोबाइल नंबर लिहून घेतला आणि गरम पाण्याच्या शॉवरची चार नाणी पुढे केली. मी म्हटलं, तिघं आहोत. तिने गाडीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे. आणि एक नाणं परत घेतलं.

"आईचा खडा मोजला बाईने," उल्का म्हणाली. आम्ही तंबू ठोकेपर्यंत हसत होतो.

पहिला दिवस कसा गेला ते काय सांगू! पाइनच्या झाडीतून बाहेर पडलो तर समोर वाळूच वाळू, टेकड्यांमागे टेकड्या, वर निळं स्वच्छ आकाश. उन्हात तापलेल्या पाइनचा वास. उल्का, जिला सिंहगडावर अर्ध्यात दम लागायचा, ती वाळूवरून गडगडत खाली आली. अश्लेषा डचमध्ये ओरडत होती. ती मराठी सगळं समजायची, पण उत्तर कायम डचमध्ये. मला 'पापा' म्हणायची. आजीशी फोनवर दोन मिनिटांत दोघींचा धीर सुटायचा. आईला त्याचं फार लागायचं.

दुपारी तंबूपुढे थालीपिठं काढली, तर अश्लेषाने चार ताटल्या मांडल्या. चौथी कुणाची, विचारलं. तिने डचमध्ये सांगितलं, "तिची. ती बोलत नाही अजून. फक्त तुमचं ऐकते."

मुलांचे असे खेळ असतात. मी चौथ्या ताटलीत तुकडा वाढलासुद्धा.

दुसऱ्या सकाळी सगळ्यात उंच टेकडीवर चढलो. हातात हात धरून, तिघं एका रांगेत. वर पोचून मी फोटो काढायला वळलो. वाळूत आमच्या पावलांच्या ओळी उमटल्या होत्या. उल्काने माझं मनगट धरलं.

"चंद्रहास... अशूने बूट काढले होते का?"

"नाही."

"मग ती... तिच्या शेजारची..."

अश्लेषाच्या बुटांच्या ठशांशेजारी अनवाणी पावलांची एक ओळ होती. तेवढीच लहान. चढत आलेली, आणि आम्ही उभे होतो तिथपर्यंत पोचलेली.

वारा अजिबात नव्हता. मला घाबरायला झालं, आणि घाबरलो की मला राग येतो. खाली येऊन तासाभरात तंबू गुंडाळला. निघताना अश्लेषाच्या खिशातून खडा काढला आणि अंगात होता तेवढ्या जोराने वाळूत भिरकावला. तो इथलाच होता, इथेच राहू दे.

अश्लेषा जिवाच्या आकांताने रडली. "नेय, पापा, नेय!" नको, नको करत खड्यामागे धावली आणि टेकडीआड गेली. मी मागे पळालो. पण फार वेळ गेला नाही, दोन-तीन मिनिटं असतील, ती दुसऱ्याच बाजूने, झाडांतून चालत आली. रडणं थांबलं होतं. गाडीत बसली, स्वतःच पट्टा लावला. एरवी त्यासाठी रोज भांडण व्हायचं. आम्हाला एवढं हायसं वाटलं की आम्ही काहीच विचारलं नाही.

उत्तरेच्या रस्त्यावर पुन्हा मजा परतली. दोन्ही बाजूंना पिवळी शेतं, काचा खाली, उल्का गाणी म्हणत होती. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मोबाइल वाजला. रिया होती.

"अहो, तुमची मुलगी इथेच विसरलात तुम्ही. फाटकाशी बसून रडतेय केव्हाची."

मी मागच्या सीटकडे पाहिलं. अश्लेषा खिडकीबाहेर बघत होती.

"चूक होतेय तुमची," मी म्हणालो. पण फोन ठेवला नाही. "तिला... तिला द्या फोन."

हुंदके ऐकू आले. मग ओळखीचा, माझ्या रक्तातला आवाज. "पापा... कोम तेरुख..." पापा, परत या.

"बाबा," मागच्या सीटवरून अश्लेषा म्हणाली. "कोणाचा फोन आहे? आपल्याला उशीर होतोय ना?"

इतकं स्वच्छ मराठी. एवढं लांब वाक्य. उल्का पेट्रोलची नळी हातात धरून तशीच उभी राहिली.

परत गेलो. गाडी कशी चालवली, आठवत नाही. फाटकाशी मुलगी नव्हती. रिया वही मिटून उठत होती.

"आता काय राहिलं?" तिने विचारलं. "आत्ता तर नेलीत तिला. हीच निळी गाडी. तुम्ही खाली उतरून उचललीत. मी हातसुद्धा हलवला."

आम्ही अंधार पडेपर्यंत वाळू पिंजून काढली. पोलिसांना काय सांगणार? हरवलेली मुलगी मागच्या सीटवर बसली होती. तीच जिवणी, हनुवटीवर तोच सायकलवरून पडल्याचा व्रण.

याला दोन वर्षं झाली. ती गुणाची आहे. सगळं खाते, हट्ट करत नाही. उल्का तिची वेणी घालते, पण घालताना आरशात बघत नाही. मी मोबाइलचा नंबर बदललेला नाही. आई मात्र खूश आहे. नात रविवारी तासतासभर मराठीत गप्पा मारते, आजीला अजून काय हवं.

गेल्या रविवारी फोन स्पीकरवर होता. या मे महिन्यात कुठे निघालात, आईने विचारलं. मी म्हटलं, बघू.

"जाल तेव्हा सुपारी घ्या बरं," आई म्हणाली. "तिघंच असता तुम्ही."

मी काही बोलायच्या आधी मुलीने फोन जवळ ओढला.

"नको आजी, आम्ही चौघं आहोत," ती समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. "एक तिथे राहिलीय, एवढंच."