विसाव्याच्या दगडावरची बॅग

मी मंगली. राहणार दरेकसा, जिल्हा गोंदिया. हे माझ्यासोबत घडलं आहे, कोणाकडून ऐकलेलं नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने दरेकशाला यावं आणि स्टेशनवर माझं नाव विचारावं. मी घरीच असते.

मागच्या वर्षीचा डिसेंबर. शुक्रवारची संध्याकाळ. दिवस बुडायला थोडा वेळ होता.

माझी नात प्रिया तेव्हा नववीत होती. शाळेची सहल जाणार होती. बसने जाऊन देऊळ बघून परत येणारी सहल नव्हे. तीन दिवस डोंगरात पायी चालायचं, तंबू ठोकायचे, स्वतः रांधून खायचं. नीतू मॅडम महिनाभर मुलांची तयारी करून घेत होत्या. जड सामान पाठीला लागून ठेवायचं, पाणी घोट घोट प्यायचं, वाट चुकली तर आहे तिथेच थांबायचं. मॅडम गोंदिया शहराजवळच्या कुडव्याच्या, पण डोंगरात आमच्यासारख्या चालायच्या. मला त्या आवडल्या.

माझ्या मुलाला, रोशनला, हे काही पटत नव्हतं.

"पोरीच्या जातीले जंगलात रात काढाले कायले पाठवाचं?"

"काऊन? तुही माय जन्मभर जंगलातच होती," मी म्हटलं. "तेंदूपत्ता का बंगल्यात तोडला मी?"

शेवटी त्याने अट घातली. त्या शुक्रवारी शेवटचा सराव होता. बॅगेत वाळू भरून नाल्यापलीकडे जायचं आणि शाळेत परत यायचं. ज्याची बॅग त्याच्याच पाठीवर शाळेत पोचली पाहिजे, हा मॅडमचा नियम. रोशन म्हणाला, मध्ये कोणी हात लावला तर प्रिया घरी बसेल.

आदल्या रात्री पोर बॅग उशाला घेऊन झोपली होती.

मुलींसोबत एक बाईमाणूस हवं होतं. सगळ्यांच्या आया कामावर. म्हणून मी गेले.

जाताना सगळं ठीक होतं. येताना एका मुलीच्या टाचेला फोड आला. तिच्यासोबत मी मागे राहिले. बाकीची मुलं पुढे जाऊन मोहाच्या झाडाखाली थांबली होती.

मी पोचले आणि बघितलं...

प्रियाने बॅग दगडावर टेकवली होती.

तो विसावा होता.

माणूस मेला की मसणात नेताना तिरडी अर्ध्या वाटेवर टेकवतात. तिथे खांदेकरी बदलतात. ती जागा म्हणजे विसावा. आता गावाबाहेर पक्कं शेड झालं आहे, या वाटेने कोणाला नेत नाहीत. मुलांना कुठून माहीत असणार? सपाट दगड दिसला, ठेवली बॅग.

मी ओरडले नाही. पोरं घाबरली असती तर सहलच बुडाली असती.

"चाल, उचल," एवढंच म्हटलं.

तिने पट्ट्यांत हात घातले. उठली... आणि परत बसली.

"आजी, बॅग जड लागून राहिली."

"थकली असशील."

"नाई ना. आता त हलकी होती."

मॅडम पुढून ओरडल्या, "क्या हुआ प्रिया? काही त्रास आहे का?"

"नाही मॅडम! आली!"

फोड आलेली मुलगी मॅडमसोबत पुढे गेली होती. प्रिया दात आवळून उठली आणि चालू लागली. मी तिच्या मागे.

पुढे मुलं गाणं म्हणत होती. मुलं वळणावर गेली आणि गाणं तुटलं. लांब जाताना आवाज बारीक होतो, तसं नाही...

एकदम.

मग लक्षात आलं, रातकिडेही नाहीत. एक पाखरू नाही.

फक्त बॅगेचे पट्टे कुरकुरत होते... तिरडीचे बांबू कुरकुरतात तसे.

नाल्याची वाळू ओली होती. माझी पावलं साधी उमटत होती. प्रियाचे पाय घोट्यापर्यंत रुतत होते.

"आजी..." ती मागे न बघता म्हणाली. "मानेवर कोनी श्वास घेऊन राहिलं."

बॅग फेकून दे, असं माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "मी उतरवनार नाई. बाबा जाऊ देनार नाई मंग."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पाऊल टाकतच होती.

तेव्हा मला राग आला. भीती नाही, राग.

"कोन होय रे तू?" मी मोठ्याने म्हटलं. "बुढा अस का बुढी, मले घेनंदेनं नाई. लेकराच्या पाठीवर बसाले लाज नाई वाटत? विसाव्यावर खांदा बदलतेत ना? मंग बदल. हा घे माहा खांदा!"

बायकांनी खांदा द्यायचा नाही, अशी आमच्याकडे रीत. माझ्या नवऱ्यालाही मला देऊ दिला नव्हता. त्या दिवशी अडवायला कोणी नव्हतं.

मी वाळूत वाकले, लाकडाची मोळी घ्यायला वाकते तशी.

थोडा वेळ काहीच नाही...

मग माझे गुडघे कडकन वाजले. पावलं वाळूत खाली गेली. मानेवर गार श्वास आला.

प्रिया ताठ झाली. "आजी! हलकी झाली!"

"झाली ना? मंग पळ. मागं पाहू नोको."

ती पळाली. बॅग तिच्याच पाठीवर शाळेत पोचली. रोशन फाटकाशी उभा होता. त्याने बॅग तिच्या पाठीवर बघितली आणि फाटक उघडलं.

मी बऱ्याच वेळाने पोचले. पाठीवर काही नव्हतं आणि पाठ वाकलेली होती. मॅडमनी धावत येऊन पाणी दिलं.

घरी आमचं कुत्रं शेपूट हलवत आलं... आणि अर्ध्या अंगणातून मागे फिरलं. तेव्हापासून ते माझ्या हातचा भात खात नाही.

दुसऱ्या दिवशी मी पतिरामभाऊंना सांगितलं. ते शेजारीच राहतात. गावात असं काही झालं की लोक त्यांच्याकडेच जातात.

"बाईमानसानं खांदा देल्ला? मंगलीबाई, डोस्कं ठिकानावर आहे का तुमचं?"

"डोस्कं ठिकानावर आहे. पाठच वाकली."

ते हसले नाहीत. "विसाव्यावर जा, दगडाले पाठ टेकवा, नारळ फोडा. मोकळ्या व्हा."

"आन सोमवारी पोरं त्याच वाटेनं जानार. मंग थे कोनाच्या पाठीवर बसंल?"

"त सहल बंद करा म्हना."

"सहल बंद नाई होत."

"थे जन्मभर बसून राहीन तुमच्यावर!"

"राहू द्या. मोळ्यांपेक्षा भारी नाई."

खोटं बोलले. भारी होतं.

सोमवारी सकाळी मुलं निघाली. कोणी परत त्या दगडावर बॅग टेकवू नये म्हणून मी आधीच विसाव्याजवळ जाऊन उभी राहिले. एकेक जण हात हलवून पुढे जात होता. प्रिया आली, हसली, गेली.

तेव्हा माझ्या पाठीवर काहीतरी हललं... उतरायला बघत होतं.

मी पदर खोचला. दोन्ही हात मागे नेले, लहान मुलाला पाठुंगळी धरतात तसे.

हातांना काहीतरी लागलं... बारीक. गार.

मी सोडलं नाही.

"कुठं चालला? बस गुमान."

तीन दिवस मी आडवी झाले नाही. पाठ कुठे टेकली तर ते मोकळं होईल, असं वाटायचं. उकिडवं बसूनच डोळा लावायची. रोशन म्हणाला, "माय, दवाखान्यात चाल." मी म्हटलं, "पोर येऊ दे."

पोर आली. नाक उन्हाने सोललेलं, कपड्यांना धुराचा वास. खिचडी करपली, तंबू पडला, मॅडम चिखलात घसरल्या, सगळं एका दमात सांगत होती.

रोशनने विचारलं, "भेव नाई लागला?"

"कायचा?" ती म्हणाली.

त्या एका शब्दासाठी मी आणखी तीन दिवस बसले असते.

यंदा नवीन मुलांचा सराव सुरू झाला आहे. वाट तीच. पतिरामभाऊ अजून म्हणतात, उतरवा. मी उतरवलेलं नाही, उतरवणार नाही. पोरांनी खुशाल जावं. पोरींनी तर जावंच.

एकच गोष्ट मला खाते आहे.

हल्ली ते हलकं लागतं. मला सवय झाली, की ते हळूहळू उतरायला शिकलं... कळत नाही.

म्हणून रोज दिवेलागणीला मी हात मागे नेऊन चाचपते.

काल होतं.

आज हाताला लागायला जरा वेळ लागला.