धुतलेली खडी

"चावल्या नाहीत!" टेप धापा टाकत घरात शिरली. "कुरिअरवाला फाटक उघडून थेट पायरीपर्यंत आला, आणि बाईसाहेब त्याला चावल्याच नाहीत!"

"परत सांग," वकील म्हणाला, "आणि या वेळी मध्ये श्वास घे."

"श्वास काय घेऊ! तो उभा राहून हसला त्यांच्याकडे बघून! हसला!"

हे मात्र भयंकर होतं. बाईसाहेबांकडे बघून हसलेला माणूस आजवर धड पँटीनिशी परत गेला नव्हता.

वकील आणि ठिणगी ही सख्खी भावंडं. सुट्टीत मामाकडे आली होती. तो कशावरही वाद घालायचा म्हणून वकील, ती कशावरूनही पेटायची म्हणून ठिणगी. मामाची मुलगी एकदा सुरू झाली की थांबायची नाही म्हणून टेप. आणि बाईसाहेब म्हणजे मामाची पांढरीशुभ्र हंसीण. पुढे रस्त्यावर मामाचं टायरचं दुकान, मागे घर, आणि मधल्या खडीच्या अंगणावर बाईसाहेबांचं राज्य. मान लांब करून, फिस्कारत त्या सुटल्या की मीटर बघायला आलेला माणूस आकडा अंदाजाने लिहून पळायचा. "कुत्रं पाळून काय करायचंय?" मामा गिऱ्हाइकांना ऐकवायचा. "आमची बाई राखण करते आणि पगारही मागत नाही!"

तिघं अंगणात धावली. बाईसाहेब नळाशी बसल्या होत्या. पंख लोंबत होते. मान उचलायला गेल्या की ती एका बाजूला कलंडायची. ठिणगीने त्यांना उचललं तर हाताला नुसती पिसं आणि हाडं लागली. एरवी तिने असं धरलं असतं तर नाक जाग्यावर राहिलं नसतं!

"म्हातारी झाली ती," मामा दुकानातूनच म्हणाला.

"परवा मला चावल्या तेव्हा तरुण होत्या!" ठिणगी पेटली.

"बरं बाई, आजारी म्हण. पण पक्ष्याचं दुखणं काढत बसायला वेळ कुणाला आहे? रविवारी कोंबड्यांची गाडी येते. तोवर उठली नाही तर देऊन टाकतो. दारात मरायला नको."

वर्षभर जिच्या नावाने फुशारक्या मारल्या, तिची किंमत मामाने अशी एका दमात करून टाकली. आणि लगेच एका गिऱ्हाइकाच्या चाकाकडे वळला.

ठिणगीने बाईसाहेबांना सरळ न्हाणीघरात नेलं. कपड्यांच्या टबात जुनं स्वेटर, त्यावर बाईसाहेब, बाजूला पाण्याचं भांडं.

"आणि आम्ही आंघोळ कुठे करायची?" मामी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाईसाहेबांना विचारून!" टेप म्हणाली.

मामी पुटपुटत गेली आणि थोड्या वेळाने पातळ पेजेची वाटी ठेवून गेली. मग कामाच्या वाटण्या झाल्या. वकिलाने चोच धरायची, टेपने सुई काढलेल्या पिचकारीने पेज थेंबथेंब सोडायची. खाली हिरवट घाण व्हायची, ती ठिणगी काढायची. तिने आणखी एक काम स्वतःहून घेतलं होतं.

"यांना दात नसतात," ती म्हणाली. "खाल्लेलं दळायला पोटात बारीक खडे लागतात. अंगणात त्या वेचून खायच्या. आता इथे कुठून मिळणार?"

म्हणून रोज सकाळी ती नळाजवळची बारीक खडी वाटीत भरून आणायची. घाणेरडी खडी आजाऱ्याला कशी द्यायची? ती वाटीत पाणी घालून गोल गोल फिरवायची, गढूळ पाणी आणि वर आलेला चुरा ओतून द्यायची. असं तीनदा. खाली उरलेले स्वच्छ, काळसर खडे टबाशी ठेवायची. बाईसाहेब त्यातले दोनचार टिपायच्या, आणि ठिणगीला वाटायचं, चला, आज काहीतरी पोटात गेलं.

तरी मान उचलली जाईना. शेवटी पोरांनी दुकानातली हातगाडी घेतली. तिच्यावर एक जुनं टायर, टायरात स्वेटर आणि स्वेटरात बाईसाहेब! रस्त्याने लोक हसत होते. ठिणगी प्रत्येकाकडे डोळे वटारून बघत होती.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला आणि तो उजेडावर धरला. पोटात पांढरे ठिपके चमकत होते.

"हाडांपेक्षा पांढरं दिसतंय बघा. हे शिसं आहे. विष! पोटात झिजतं, रक्तात उतरतं आणि अशी मान लुळी पाडतं. ही राहते कुठे?"

"टायरच्या दुकानामागे. माझे बाबा–" टेप सुरू झाली.

"अच्छा. मी इंजेक्शनं सुरू करते. ती रक्तातलं शिसं बाहेर काढतात. पण नवीन एक कणही पोटात जाता कामा नये. अंगणात मुळीच सोडू नका, आणि तुम्हीही हात साबणाने धुवा. खायला काय देता?"

"पेज आणि कोवळा पाला," वकील म्हणाला.

खडीचं कुणालाच आठवलं नाही. खडी काय, खाणं थोडंच होतं!

*

"शिसं?" मामा हसला. "आहे की! ही बघ, चाकाची वजनं. चाक एका बाजूला जड असलं की गाडी थरथरते, म्हणून रिमवर हे ठोकायचं. पण जुनं निघालेलं प्रत्येक वजन या डब्यात जातं. एकही बाहेर नाही! माझ्या दुकानाला नावं ठेवू नका."

पोरांनी दुपारभर पाळत ठेवली. मामा खरंच सांगत होता. जुनं वजन निघालं की टण्णकन डब्यात!

"खटला खारीज," वकील हिरमुसला.

"गप्प बस आणि तिकडे बघ," ठिणगी कुजबुजली.

मामाने मशीनवर चाक फिरवलं, आकडा बघितला, नवं वजन हातात घेतलं. ते थोडं जड होतं. त्याने पक्कडीने त्याचा कोपरा कापला. कट्! कोपरा उडाला आणि जमिनीवर धुळीत पडला. मामाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या चाकाला पुन्हा, कट्!

"मामा, हे कापलेले तुकडे?"

"ते होय? ते केरात जातात. नखाएवढे तुकडे, त्यांचं काय?"

"आणि केर कुठे जातो?"

"केर केराच्या जागी जातो! पळा आता, गिऱ्हाईक खोळंबलंय."

तिघं टायरांच्या ढिगामागे बसली.

"गटारात टाकत असेल," वकील म्हणाला. "पण नुसतं म्हणून चालणार नाही. मोठी माणसं 'असं काही नसतं' म्हणतात आणि विषय संपतो. पुरावा पाहिजे."

"आईचं नेलपॉलिश!" टेप ओरडली आणि तिने स्वतःच स्वतःचं तोंड दाबलं.

मामा चहाला गेला तेवढ्यात नव्या वजनांच्या खोक्यातल्या प्रत्येक वजनाला लालभडक नेलपॉलिश लागलं, तेही खालच्या बाजूने, म्हणजे ठोकताना दिसायला नको. मामाला नाहीतरी खालची बाजू बघायची सवय नव्हती.

त्या संध्याकाळी आणखी एक आनंदाची गोष्ट झाली. वकील पेज द्यायला चोच धरायला गेला आणि किंचाळला.

"चावल्या! मला चावल्या!"

अंगठा लाल झाला होता, आणि तो तिघांना आळीपाळीने दाखवत नाचत होता. बाईसाहेबांची मान हातभर वर आली होती. मामीसुद्धा हसली. इंजेक्शन लागू पडलं होतं! रविवारची गाडी आता रिकामीच जाणार होती!

"उद्या जास्त पेज देऊ," ठिणगी म्हणाली. "म्हणजे दळायलाही जास्त लागेल."

*

सकाळी वकील आणि टेप गटारं शोधून आली. काही नाही. दुकानामागची कचरापेटी उपसली. तिथेही काही नाही. हात हलवत परत येताना टेपचा पाय नळाजवळच्या खळग्यात अडखळला. कालपर्यंत तिथे खळगा होता, आज तो अर्धा भरला होता.

"बाबांनी भरला असेल," ती म्हणाली. "ते रोज संध्याकाळी दुकानाचा केर अंगणातल्या खळग्यात लोटतात आणि वरून पायाने खडी सरकवतात. म्हणतात, 'कचरा नाही, भराव आहे, फुकटचा भराव!' अरे, मी हे तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

जगातलं सगळं सांगणाऱ्या टेपने हे एवढंच सांगितलं नव्हतं. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

वकील गुडघ्यांवर बसला आणि खडी बाजूला करू लागला. लाल! आणखी एक लाल! नखाएवढे राखाडी कोपरे, प्रत्येकाची एक बाजू लालभडक.

"सापडलं! ठिणगे, सापडलं!" तो ओरडत घरात धावला.

ठिणगी टबाशी बसली होती. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "हळू बोल ना! बघ, आज स्वतःहून खडे टिपतायत. मी पहाटेच आणून ठेवले. आज दोन वाट्या!"

वकिलाने वाटीत पाहिलं. तीनदा धुतलेल्या काळसर खड्यांत एक लाल कोपरा चमकत होता.

त्याने वाटी उचलली. ठिणगीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वाटीकडे, मग त्याच्या मुठीतल्या लाल तुकड्यांकडे. ती पेटली नाही. तिने हळूच विचारलं, "रोजच्या वाटीत होते?"

आयुष्यात पहिल्यांदा वकिलाला वाद घालता आला नाही.

त्यांनी हातगाडी पळवत नेली. डॉक्टरीणबाईंनी लगेच नवा एक्स-रे काढला. ठिपके वाढले होते. पोट धुवायची तयारी झाली, पण बाईसाहेबांच्या अंगात तेवढी ताकद उरली नव्हती. ठिणगीच्या हातावर मान टेकून त्या गेल्या. चोच उघडीच राहिली.

"मी तर धुऊन दिली होती," ठिणगी म्हणाली. "तीनदा."

डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे पालथा ठेवला. पण खोटं बोलणं त्यांना जमत नसावं. "पाणी फिरवलंस की माती आणि हलका चुरा निघून जातो, बाळ. जड ते तळाशी राहतं. आणि शिसं सगळ्यांत जड." मग त्या घाईने म्हणाल्या, "पण तुम्ही जे शोधून काढलंत ना, ते फार मोठं काम आहे! त्या अंगणात उद्या एखादं लहान मूलही आजारी पडलं असतं."

*

दुपारी दुकानासमोर गर्दी जमली. लाल तुकडे बघून मामाचा आवाज आधी चढला, मग उतरला, आणि शेवटी तो दिलदार झाला. हरल्यावर दिलदार होणं मोठ्या माणसांना छान जमतं! त्याने लगेच सगळी खडी उचलायला माणसं सांगितली, पक्कडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवला आणि गिऱ्हाइकांकडे वळला.

"बघा, माझ्याच दुकानात चोर पकडला या पोरांनी! आणि चोर कोण? तर मी!" तो हसला. गिऱ्हाईकं हसली. "काय डोकं लढवलंय! नेलपॉलिश! अहो, पोलिसांनाही सुचणार नाही!"

"कौतुक करावं तेवढं थोडं," एक मोटारवाला म्हणाला.

मामीने तिघांना जवळ घेतलं. मामाने ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास गं माझ्या वाघिणी! हंसीण काय, दुसरी आणू. पाहिजे तर दोन आणू!"

ठिणगीने तो हात काढून टाकला.

"तुकडे तू टाकलेस, मामा. पण तिच्या चोचीपर्यंत मी नेले. रोज, वाटीत घालून."

मामाचं हसू चेहऱ्यावरच अडकलं.

"अगं, तुला कुठे माहीत होतं?"

"तुलाही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे तुझी चूक नाही, माझी चूक नाही. मग त्यांना मारलं कोणी?"

मोटारवाल्याने मान खाली घातली. मग मामाने मशीनचं बटण बंद केलं. अर्धं फिरलेलं चाक हळूहळू थांबलं.