सात नंबरच्या डावीकडं

ही गोष्ट खरी हाय. पटत नसलं तर पाथरीला जाऊन मनकर्णाताईला विचारा. फक्त सात नंबरच्या कॉम्प्युटरजवळ उभं राहून विचारू नका.

मार्चमधला मंगळवार. दुपारचे साडेबारा. भुताची येळच न्हाई ती, पण भुताला कोण सांगणार.

सारंग जिंतूरचा. कॉम्प्युटर दुरुस्त करतो आन् बोलतो लय. त्या दिवशीबी आल्या आल्या म्हणला, "स्क्रीनला काय विचारायचं, ताई? तू किती रुंद, तू किती उंच? आपण सांगायचं, तिनं गप ऐकायचं. माझ्या हातची स्क्रीन आजवर बिघडली न्हाई."

मनकर्णाताईचा टायपिंगचा क्लास. दहा कॉम्प्युटर. दोन वाजता परीक्षेचे साहेब तपासायला येणार होते. दहाच्या दहा चालू दिसले तर परीक्षा केंद्र राहणार. एक जरी बंद, तर केंद्र गेलं, पोरी परभणीला, आन् क्लासला कुलूप.

तपासणी म्हणून पोरींना सुट्टी दिली होती. हॉलमधी फक्त ताई आन् सारंग.

सात नंबर अडला होता. त्याची सेटिंग 'ऑटो'वर. म्हणजे चालू होताना कॉम्प्युटर तारेवरून विचारतो, कोण कोण जोडलंय? स्क्रीन आपली मापं सांगते.

सारंगनं बटन दाबलं.

कॉम्प्युटरनं लिहिलं... स्क्रीन दोन.

तार एकच. स्क्रीन एकच.

"दुसरी कुठाय रे?"

"डावीकडं दाखवायलाय."

डावीकडं रिकामं टेबल. त्याच्यापुढं एक खुर्ची.

सारंगनं माऊस डावीकडं ढकलला. बाण कडेतून बाहेर गेला...

आन् परत आला.

सारंगनं तवर माऊसवरून हात काढला होता.

"हे असं असतं का, सारंग?"

"असतंच की," सारंग म्हणला.

मग त्यानं आपला इलाज केला. ऑटो बंद. स्क्रीन चालवणारा जो ड्रायव्हर असतो, त्याच्या फाइलीत आपल्या हातानं मापं लिहिली. रुंदी, उंची, आन् शेवटी... स्क्रीन एकच. कुणाला विचारायचं न्हाई. कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

कॉम्प्युटरनं ऐकलं. एकच ठेवली.

दुसरी.

समोरची स्क्रीन काळीठिक्कर. आतला पंखा फिरायलाय. आन् रिकाम्या टेबलावरून...

टक.

टक टक.

"केलंस ते उलटं कर," ताई हळूच म्हणली.

"उलटं करायला दिसायला पायजे न, ताई."

"मग दुसरी स्क्रीन लाव."

"लावून काय फायदा? मीच त्याला सांगितलंय, कुणाला विचारू नको म्हणून."

"लय शाना हायस बाबा तू."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. साहेब पाऊण तास आधीच आले.

साहेब एकेक बघत निघाले. पाच. सहा. सातला थांबले. ताईनं पदर मुठीत धरला.

साहेबांनी काळ्या स्क्रीनकडं बघितलंच न्हाई. ते डावीकडं वळले. चष्मा वर केला. रिकाम्या टेबलावर वाकले...

"चालू आहे," ते म्हणले. "अक्षरं फार बारीक ठेवलीत. पोरींचे डोळे जातील."

ताईनं तोंड उघडलं. सारंगनं नको म्हणून मान हलवली. खरं बोललं की केंद्र गेलं. ताईनं तोंड मिटलं.

"मोठी करतो, साहेब," सारंग म्हणला.

टकटक चालूच होती.

आठ दिवसांनी पत्र आलं. केंद्र मंजूर. खाली पेनानं लिहिलेली एक सूचना... तपासणी सुरू असताना सात क्रमांकावरील विद्यार्थिनीने टायपिंग थांबवून उभे राहावे.

सारंग आता पाथरीला येत न्हाई. दुरुस्ती जिंतूरहून फोनवरच सांगतो, तेबी दिवसा. सात नंबरवर ताईनं चादर टाकलीय.

परीक्षा सोमवारी हाय.

काल सकाळी आठ नंबरची स्क्रीन काळी झाली.