तरंगती जागा

मानसशास्त्राच्या पदवीवर्गाची एकच जागा उरली होती आणि प्रवेशाच्या खिडकीपुढे दोघांना एकदम बोलावण्यात आले होते. तो डावीकडून आला, ती उजवीकडून. मधल्या चिंचोळ्या वाटेत दोघांची कोपरे एकमेकांना लागली आणि दोघेही एकाच श्वासात ‘सॉरी’ म्हणाले. तिच्या मिटलेल्या छत्रीचे पाणी त्याच्या बुटावर ठिबकत होते. ते तिच्या लक्षात आले नाही आणि त्याने पाय मागे घेतला नाही.

खिडकीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. “तुमचे दोघांचे गुण सारखे आहेत. अगदी दशांशापर्यंत. अशा वेळी जो वयानं मोठा, त्याला जागा.”

तिने वाकून त्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहिली, मग स्वतःची. “मी आठवड्यानं मोठी,” ती म्हणाली. त्या आवाजात विजय नव्हता, थोडी दिलगिरीच होती, आणि त्यामुळे त्याला हरल्यासारखे वाटायला जरा उशीर लागला.

“हिला मानसशास्त्र,” बाई म्हणाल्या. “तू प्रतीक्षेत पहिला. तोवर तुझी दुसरी पसंती, अर्थशास्त्र.” आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्या दिवसभर प्रत्येकाला विचारत होत्या. “स्थिर की तरंगती?”

स्थिर म्हटले की मिळाली ती जागा पक्की आणि पुढची दारे बंद. तरंगती म्हटले की जागा हाताशी ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहायची. ती मिळाली, की खालची आपोआप सुटून मागच्याच्या पदरात पडे.

“तरंगती,” तो म्हणाला.

“तरंगती,” तीही म्हणाली. ज्या जागेसाठी त्याने उन्हाळाभर जीव टाकला होता, तिच्याहूनही वर कुणाला काही हवे असू शकते, हे त्याला त्या क्षणी कळले… आणि उगाच बोचले.

बाहेर व्हरांड्यात ती त्याच्या बाजूला येऊन थांबली. “मी मोठी आहे, हे आता नियमानं सिद्ध झालंय. मला ताई म्हणायचं.”

त्याने तोंड उघडले. मग मिटले. “मी… म्हणजे…”

“एवढं थांबून थांबून बोलतोस? स्वल्पविरामच आहेस तू.”

ते नाव त्याला चिकटले. ताई मात्र तो म्हणाला नाही.

दुसऱ्या फेरीपर्यंत महाविद्यालयाचे वाचनालय साऱ्या उमेदवारांना खुले होते. पंख्याच्या घरघरीखाली, खिडकीलगतच्या लांब टेबलाशी, ते रोज समोरासमोर बसू लागले. वाचताना ती पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळी आणि पान उलटताना सोडून देई. त्याचे पुस्तक पुष्कळदा एकाच पानावर राही. तिला हसू आले की ती आधी खाली बघे आणि मग, जणू काही विसरले म्हणून, वर.

“तुला हेच का शिकायचंय?” तिने एकदा विचारले.

त्याने दादाविषयी सांगितले. दादा एक अख्खा हिवाळा बोलला नव्हता. घरातल्या सगळ्यांनी आवाज चढवून पाहिला, आणि समुपदेशन करणारी एक बाई मात्र दर आठवड्याला त्याच्यासमोर नुसती शांत बसून राहिली… एके दिवशी दादा तिला म्हणाला, खिडकी लावा, गार लागतंय. “मला तसं बसायला शिकायचंय,” तो म्हणाला.

“तसं बसता तुला आत्ताच येतं,” ती म्हणाली आणि घाईने पान उलटले.

घरी मात्र तिचे नाव वेगळे होते. घरी ती ‘वरची’ होती, यादीत त्याच्या वरची.

“त्या वरचीचं काय झालं रे?” जेवताना आई विचारी. “जातेय का दुसरीकडे?”

“माहीत नाही.”

“जाईल गं,” बाबा म्हणत. “हुशार दिसते. हुशार मुलं टिकत नाहीत एका जागी.”

“जाऊ दे बाई, भलं होऊ दे तिचं,” आई हात जोडून म्हणे, आणि तो कुणी न मागताच पाणी आणायला उठे.

दादा नुसता त्याच्याकडे बघत असे. दादा आता बेकरीत काम करी आणि एकदा बोलायला लागल्यापासून कुणालाच सोडत नसे. “मानसशास्त्र शिकायला निघालाय,” तो ताट उचलताना म्हणाला, “आणि याच्या मनातलं शेजारच्या मांजरालासुद्धा आधी कळतं.”

तिची वरची पसंती कोणती, हे त्याला कप्तानाकडून कळले. कप्तान म्हणजे तिच्या शाळेच्या वादविवाद संघाचा कप्तान. उंच, मोकळा, आणि दुर्दैवाने अतिशय चांगला मुलगा. दूरच्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठात त्याला मानसशास्त्र पहिल्याच फेरीत मिळाले होते. दोन दिवसांसाठी तो गावी आला होता आणि वाचनालयातल्या कॉफीच्या यंत्रापाशी तिच्या पेल्यात न विचारता साखरेच्या दोन पुड्या टाकत होता. तिला दोन लागतात हे शोधून काढायला स्वल्पविरामाला किती दुपारी खर्चाव्या लागल्या होत्या.

“पार्टनर, वर्गात तुझी खुर्ची धरून ठेवतोय मी,” कप्तान तिला म्हणाला. “माझ्याच शेजारची. फक्त एक जण हलू दे.” मग त्याने वळून हात पुढे केला. “तू तिच्या खालचा ना? काही काळजी करू नकोस. तिला मी वर खेचतो. तुझंही काम होऊन जाईल.”

“आभारी आहे,” तो म्हणाला. इतका कडू शब्द त्याच्या तोंडून पूर्वी कधी निघाला नव्हता.

त्या दिवसापासून हेवा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसू लागला. तिने फोनकडे पाहिले की तो हेवा मान उंचावी; ती हसली की विचारी, कुणाचा निरोप असेल? सर्वांत वाईट हे होते की ती गेल्याखेरीज त्याला जागा मिळणार नव्हती. ज्याचा हेवा वाटत होता, त्याचे यश हेच त्याचे स्वतःचे यश होते. दुसऱ्यावर धड जळावे, एवढीही सोय त्या नियमाने त्याच्यासाठी ठेवली नव्हती.

फेरीच्या आदल्या दिवशी ती दोघे वाचनालयाच्या पायरीवर पाऊस ओसरण्याची वाट बघत उभी होती. ती फोनवर कप्तानाला म्हणत होती, “हो रे, धरून ठेव.” फोन ठेवून तिने त्याच्याकडे पाहिले. “काय झालं? चेहरा का पाडलास?”

“मला त्याचा हेवा वाटतो.”

“कप्तानाचा? का?”

“त्याला तुझ्यासाठी खुर्ची धरता येते,” तो म्हणाला. “मला फक्त तू उठण्याची वाट बघता येते.”

पिशवीचा बंद तिच्या बोटाभोवती घट्ट होत गेला. “मग… मी राहू?”

“नको.” तो थांबला. “म्हणजे… राहा म्हटलं तर तू माझ्यासाठी मागं राहिल्यासारखं होईल. जा म्हटलं तर मला तुझी जागा हवी म्हणून म्हटल्यासारखं. मला दोन्ही म्हणता येत नाही.”

“मग हे एवढं म्हणालास, ते काय होतं?”

“हेवा,” तो म्हणाला. “नुसता.”

ती खाली बघून हसली आणि मग वर. तिचे डोळे मात्र हसत नव्हते. “स्वल्पविराम,” ती म्हणाली, “आज तू पहिल्यांदा वाक्य पूर्ण केलंस. आणि तेही असलं.” तिने छत्री उघडली, पायरी उतरली, परत वर आली आणि छत्री त्याच्या हातात देऊन भिजत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी त्याचे नाव पुकारले. “वरची सरकली. मानसशास्त्र तुझं. अभिनंदन.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “वरचं कुणी सरकलं की खालची पोरं इथं नाचतात. तुझ्यासारखा पहिलाच बघतेय मी, ज्याला खुर्ची द्यावीशी वाटतेय बसायला. बोल, स्थिर की तरंगती?”

फोन वाजला. तिचा होता. बाईंनी हातानेच ‘घे’ म्हणून खूण केली.

“एक गंमत सांगू?” तिचा आवाज धापा टाकत होता. “तिथं एकच जण हलला आणि मला जागा मिळाली. कोण हलला माहितीये? कप्तान.”

“म्हणजे?”

“त्यानं त्याची जागा तरंगती ठेवली होती. पहिली पसंती कायदा, तिसऱ्याच शहरात. मला बोललाच नव्हता. मिळणार नाही असं वाटलं होतं म्हणे त्याला… निघालासुद्धा. त्याची जागा मला आली आणि माझी तुला.”

त्याने डोळे मिटले. इतके दिवस ज्या शेजारच्या खुर्चीवर तो जळत होता, ती अखेर रिकामीच होती. मग त्याला वाटले, रिकामी म्हणजे आता तिथे कुणीही येऊन बसू शकेल, आणि हेव्याने पुन्हा मान वर केली.

“ऐकतोयस ना?”

“हो… शेजारी कोण बसणार तुझ्या?”

पलीकडे ती हसली. आधी खाली बघून हसली असणार, हे त्याला इथून दिसले. “मी स्थिर केलंय,” ती म्हणाली.

“जागा?”

“जागासुद्धा.”

व्हरांड्यात कुणीतरी पुढचे नाव पुकारत होते. त्याच्या हातात तिची छत्री होती, सुकलेली.

“फक्त एक राहिलंच बघ,” ती म्हणाली. “आठवड्यानं मोठी आहे मी. ताई म्हणायचं राहिलं तुझं.”

“ती जागा…” तो नेहमीसारखा थांबला, आणि या वेळी ती घाई न करता थांबून राहिली. “ती जागा रिकामीच राहू दे.”

मग तो खिडकीकडे वळला. बाईंनी पुन्हा विचारण्याआधीच म्हणाला, “स्थिर.”