सारिमानचा खड्डा

शुक्रवारची दुपार. सुमात्रातल्या पाम तेलाच्या गिरणीचा वायरमन पोनिदी फाटकापाशी कॉफी पीत बसला होता. टपरी तुमिना काकूंची. त्यांचा नवरा सारिमान गिरणीचा जुना वायरमन. तीन महिन्यांपूर्वी तापाने गेला.

"सकाळी कबरीवर गेले होते," काकू म्हणाल्या. "घागरभर पाणी शिंपडलं, गुलाबपाकळ्या टाकल्या. वळून बघते तर माती कोरडी ठक्क. पाकळीसुद्धा दिसेना."

"ऊन काय कमी आहे का, काकू?" पोनिदी उठला.

बॉयलरच्या कंट्रोल पॅनेलवरचे आकडे दोन महिने थरथरत होते. कारण त्याला ठाऊक होतं. पॅनेलवर विजेचा लोंढा आला, तर तो तांब्याच्या पट्टीवरून मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरतो. पण खड्डा ओला असेल तरच. सारिमान दर शुक्रवारी त्यात बादलीभर पाणी ओतायचा.

"कबर शिंपताय का, काका? फुलं राहिली की!" पोनिदी चिडवायचा.

"फुलं बायको आणेल. तू पाणी विसरू नकोस."

उद्या टाकू, परवा टाकू, करत पोनिदीने तीन महिने घालवले होते.

तेवढ्यात आभाळ काळवंडलं. पाऊस नाही, नुसता गडगडाट. बॉयलरपाशी रुसली नावाचा त्याचा मेहुणा कामावर होता. पॅनेल जळलं की पाण्याचा पंप बंद. मग कोरडा बॉयलर... पोनिदीने बादली भरली आणि खड्ड्याकडे धावत सुटला.

तो वाटेत असतानाच वीज धुराड्यावर कोसळली. कान बधिर झाले. जळका वास आला.

"रुसली...!"

पोनिदी बादलीसकट तसाच पॅनेलपाशी पोचला. लोंढा अंगावर घेऊन खड्ड्याकडे वळवणाऱ्या डबीची हिरवी खूण लाल झाली होती. डबी कामी आली होती. बाकी सगळं शाबूत. पंप चालू. आणि आकडे अगदी स्थिर.

"काय दाजी," मागून रुसली म्हणाला, "मयताला अंघोळ घालायला आलात काय?"

पोनिदीने बादली खाली ठेवली. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

मग भरलेली बादली उचलून तो मागे गेला. पावसाचा थेंबही अजून पडला नव्हता. खड्ड्याच्या झाकणावर धुळीचा थर होता. त्यावरून गेलेला वाळका वेल कुठेच तुटलेला नव्हता. त्याने वेल तोडला, पहार घालून झाकण उचललं.

खड्डा काठोकाठ भरला होता. वर गुलाबपाकळ्या तरंगत होत्या... ताज्या.