चढावर मागे कोण होतं

मी शिवणकाम करते. गोष्टी रचायची मला सवय नाही. जे झालं तेवढंच सांगते.

गेल्या वर्षी मार्चमधला रविवार. दुपारचे साडेतीन. डोंगरातला अकरा किलोमीटरचा चढ. सायकलवर मी एकटी. वय त्रेपन्न.

सायकल माझ्या मुलाची. सात दिवसांची सफर त्याला एकट्याने करायची होती. नकाशावर लाल पेनने रस्ताही आखून ठेवला होता... आणि तापाचं निमित्त झालं. नऊ दिवसांत गेला. सव्विसाव्या वर्षी.

नवरा म्हणाला होता, "या वयात हे काय खूळ?"

"त्याचं राहिलंय," मी म्हटलं.

तिसरा दिवस होता. चढावर माझे पाय भरून आले. उतरून ढकलत न्यावी म्हटलं...

तेवढ्यात सायकल हलकी झाली.

वाऱ्याचं नाव नव्हतं, तरी.

मग मागून श्वास ऐकू आला. दमलेल्या माणसाचा. वाटलं, माझाच असेल. मी श्वास रोखून धरला...

तो चालूच होता.

वळून बघायचा धीर झाला नाही.

थोड्या वेळाने एका टूर कंपनीचा ग्रुप मला ओलांडून गेला. बारा-चौदा सायकली, सगळ्यांची केशरी जॅकेटं, मागे सामानाची व्हॅन. जाता जाता प्रत्येक जण आधी माझ्या मागे बघत होता... मग माझ्याकडे.

एक आजोबा हसून म्हणाले, "नशीबवान आहात."

वर पोचले तेव्हा ते सगळे चहाला थांबले होते. त्यांच्यातली सगळ्यांत मागे असलेली बाई माझ्याकडे आली.

हातात दोन कप.

"हा तुमचा. आणि हा त्याला द्या."

"कोणाला?"

"तुमच्या मुलाला. बिचारा कॅरिअरला हात लावून मागे पळत होता. तोही रबरी चपलांवर."

मी वळून बघितलं. खालची दोन वळणं स्पष्ट दिसत होती.

रस्ता रिकामा.

"कसा होता?" मी विचारलं.

"होता म्हणजे? उंच, सडपातळ. निळा टी-शर्ट. खांद्यावर पांढऱ्या दोऱ्याने रफू केलेला."

ते रफू मी केलं होतं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून. पिशवीत निळा दोरा नव्हता. शेवटपर्यंत तोच टी-शर्ट त्याच्या अंगात होता.

कप माझ्या हातून पडला. तिने मला धरून खाली बसवलं.

"काही बोलला का तो?"

"मी म्हटलं, दमलास रे, व्हॅनमध्ये बस. तर म्हणाला, 'नको काकू. आणि आईला सांगू नका... ती थांबेल.'"

मी थांबले.

त्यांच्या व्हॅनने मला स्टँडवर सोडलं. सायकल बसच्या टपावर टाकली आणि घरी आले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "खूप दमला होता का गं?"

वर्ष झालं. नकाशावरचे चार दिवस तसेच राहिलेत. सायकलला मी हात लावलेला नाही. चालवली, तर तो पुन्हा धापा टाकत मागे पळेल.

आणि नाही चालवली, तर...

त्या वळणावर तो अजून उभा असेल का? आई कुठे गेली म्हणून?