टाकीला विचार

बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, हा माझा धंदा. मागे ओझं असलं की पिकअप डिझेल पाण्यासारखं पिते, आणि पठारावरच्या रस्त्याला एकदा लागलं की मध्ये पंप म्हणून नाही. म्हणून गाडीला दुसरी टाकी बसवायचं ठरवलं आणि त्या दिवशी सकाळीच मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेलो. त्याने चेसिसखाली कोरी काळी टाकी चढवली, लोखंडी पट्टे आवळले, नळी जोडली आणि स्टिअरिंगशेजारी एक बटण बसवून दिलं. वर केलं की जुनी टाकी, खाली केलं की नवी.

"जा आता, चंद्रावरची गाडी ओढून आण," मिस्त्री म्हणाला.

पंपावर दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. मग खाली वाकून नव्या टाकीवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं. टक-टक, जरा थांबून टक. भरलेली टाकी मुका आवाज देते, रिकामी घणघणते. हे मला काकांनी शिकवलं.

काका नात्याने माझे कोणी नव्हते. साखळी कशी लावायची इथपासून सगळा धंदा मी त्यांच्या हाताखाली शिकलो. तोंडात सदैव खोकल्याची गोळी. त्यांच्या खटारा पिकअपचा काटा केव्हाच बिघडला होता, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. "काटा खोटं बोलतो. टाकीला विचार," म्हणायचे, आणि नीट उत्तर ऐकू येईपर्यंत ठोकत राहायचे. टाकीच्या कोपऱ्याला त्यांनी स्वतः वेल्डिंग करून एक वेडंवाकडं ठिगळ लावलं होतं, त्याचा कोण अभिमान! माझ्या दुसऱ्या टाकीचं ऐकल्यावर मात्र चहाच्या टपरीवर त्यांनी माझी टर उडवली. "एक पोट भरताना नाकी नऊ येतात, आणि हा दोन पोटं घेऊन फिरणार!" सगळे खो खो हसले. मला ते लागलं. एवढंसंच होतं हो सगळं. त्याचीच जास्त लाज वाटते.

त्याच दुपारी जेवून आडवा झालो होतो. बाहेर धुकं इतकं उतरलं होतं की अंगणातली गाडी खिडकीतून जेमतेम दिसत होती. फोन वाजला.

"पोरा, पठारावर अडकलोय. टाकी कोरडी ठणठणीत. येतोस का कॅन घेऊन?"

मला उठायचं नव्हतं. खरं सांगतो, बसू दे म्हाताऱ्याला जरा थंडीत, असंही मनात आलं.

"गाडी गॅरेजमध्येच आहे, काका. टाकी बसलीच नाही अजून."

पलीकडे ते थोडं खोकले. "बरं, बरं. मिस्त्रीला घाई करू नकोस, पट्टे नीट आवळायला सांग. आणि दोन टाक्या करतोयस ते चांगलंच केलंस रे. आज पटलं मला."

फोन ठेवला तर बायको दारात उभी. "काका होते ना? अहो, गाडी तर अंगणात आहे."

"जातो थोड्या वेळाने," मी म्हणालो आणि कूस बदलली. डोळा लागला.

काका कॅन घेऊन पंपाच्या दिशेने पायीच निघाले होते. धुक्यात एका ट्रकवाल्याला ते दिसलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांचा फोन आला, रस्त्यावरची पिकअप ओढून न्या म्हणून. ओढायचं काम माझंच. तिथे पोहोचल्यावर पोलीस सहज म्हणाला, "त्यांनी शेवटचा फोन तुम्हालाच केला होता." मी मान हलवली आणि साखळी लावायला खाली वाकलो.

परतीच्या चढावर धुकं पुन्हा दाटलं. मागे काकांची गाडी लटकत होती, आरशात तिची रिकामी काच तेवढी दिसायची. जुनी टाकी अर्ध्यावर आली, म्हणून मी बटण खाली केलं. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

मी खाली उतरून टाकीवर ठोकलं. घणघणली. काठोकाठ भरलेली टाकी, एक थेंबही वापरला नव्हता, आणि ती घणघणली. गाडीखाली डिझेलचा वास नव्हता. खोकल्याच्या गोळीचा होता.

बटण वर करून गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत आणली. घाबरलेला माणूस चिडतो, तसा मी मिस्त्रीवर ओरडलो. "कसली टाकी बसवलीस? काल भरली, आज रिकामी!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुठली टाकी? काल तू आलासच कुठे? दिवसभर वाट बघितली तुझी. ती बघ, पडलीय तशीच."

कोपऱ्यात कोरी काळी टाकी होती. वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

मिस्त्री बॅटरी घेऊन माझ्या गाडीखाली सरकला. बॅटरीचा झोत टाकीच्या कोपऱ्यावर थांबला.

"हे... हे ठिगळ तर काकांचं आहे."

तो बाहेर आला आणि काकांच्या गाडीखाली वाकला. "इथे पट्टे आवळलेले आहेत. एक नट ढिला नाही. पण टाकी..."

तेवढ्यात माझ्या गाडीखालून आवाज आला. टक-टक. जरा थांबून, टक. पोकळ, घणघणता.

आम्ही दोघंही गाडीपासून लांब होतो. पुन्हा तेच. टक-टक... टक. मिस्त्रीने माझा दंड घट्ट धरला. पुन्हा. मला कळलं की हे थांबणार नाही. उत्तर मिळेपर्यंत काका कधी थांबायचेच नाहीत.

"भरलेली होती, काका," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "दोन्ही भरलेल्या होत्या. गाडी अंगणात होती. मीच आलो नाही."

गॅरेजमध्ये शांत झालं. मग खालून एकदाच टक झालं. या वेळी मुकं. भरलेल्या टाकीचं.

मिस्त्री माझ्याहून धीराचा. त्याने जाऊन टाकीचं झाकण फिरवलं, नाक जवळ नेलं आणि झाकण लगेच घट्ट बसवून टाकलं. हात कितीतरी वेळ फडक्याला पुसत राहिला. आत काय होतं, ते मी त्याला अनेकदा विचारलं. त्याने अजून सांगितलेलं नाही.